नाथाजीने आणलेलं गाणं

नाथाजी आमच्या शाळेत शिपाई म्हणून लागला तो सत्तेचाळीस सालच्या दिवाळीनंतर. आष्ट्याच्या बाजारामागे गुळाची एक जुनी वखार होती, तिच्यात गावच्या मंडळींनी ही शाळा काढली होती. पहिली ते सातवी, आणि मास्तर चार. पावसाळ्यात भिंतींना अजून गुळाचा वास यायचा. मुंग्या तर बारमाही. मी तिथे वरच्या वर्गांना शिकवायचो. माझं वय तेव्हा सव्वीस होतं.

नाथाजी पस्तिशीचा असेल. मूळचा म्हसवडकडचा, माणदेशातला. सात वर्षं पलटणीत काढून, नाईकाच्या हुद्द्यापर्यंत चढून आलेला. त्याची थोरली बहीण रंगूबाई आष्ट्यात दिली होती, तिच्या परड्यातल्या खोलीत तो राहायचा. गावाकडे जात नसे. सणावारालाही नाही. का जात नाही हे मी सुरुवातीला विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही.

कामाला माणूस चोख. सकाळी सहाला वर्ग झाडलेले, माठ भरलेले, फळे पुसलेले. बोलणं जेवढ्यास तेवढं. एकदा पाचवीच्या वर्गात नाग निघाला. पोरं किंचाळत खिडकीतून उड्या टाकू लागली. नाथाजी आला, काठीच्या दोन घावांत त्याने नाग मारला, काठीवर घेऊन बाहेर टाकला आणि परत येऊन माठाला पाणी ओढू लागला. मी जैन माणूस. मला राहवलं नाही. म्हटलं, "नाथाजी, मारायला नको होता."

"बरं," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी दुसरा निघाला तर त्याने तो शेपटीला धरून उचलला आणि उसाच्या रानात सोडून आला. पहिल्या वेळी राग नव्हता, दुसऱ्या वेळी दया नव्हती. चेहरा दोन्ही वेळेला एकच.

रंगूबाईनेच मला एकदा सगळं सांगितलं. शाळेत ती त्याची भाकरी घेऊन यायची. त्या दिवशी नाथाजी टपालाला गेला होता, म्हणून ती पायरीवर टेकली.

"मास्तर, तुमी शिकल्यालं मानूस. माझ्या भावाला काय झालंया सांगा बरं."

"का? आजारी आहेत का?"

"आजारी न्हाई वो. पर त्यो रडलाच न्हाई." ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती. "ह्यो तिकडं जपानात, आन हिकडं गावाला पटकीची साथ आली. आदी पोरगं गेलं. हिंदुराव नाव हुतं, अडीच वर्साचं. चौथ्या दिशी साळू गेली, माझी भावजय. पत्तर पोचायला दोन म्हैनं लागलं. सायेब म्हनला, सुट्टी घे, घरला जा. ह्यो म्हनला, जाऊन काय करू? तिकडंच ऱ्हायला. हितं आला तवा मी गळ्यात पडून रडले. ह्यो आपला हुबा. मला म्हनतो, आक्का, पानी दे."

पोरगं जन्मलं तेव्हा नाथाजी इटलीत लढत होता. तिथली लढाई संपल्यावर रजेवर आला, तेव्हा त्याने पोराचं तोंड पाहिलं. अठ्ठावीस दिवस पाहिलं. मग जपान हरलं, आणि तिथे पहाऱ्याला जी हिंदी फौज गेली तिच्यात त्याची मराठा पलटण निघाली.

हे कळल्यावर मी नाथाजीशी जरा जपून वागू लागलो. त्याला त्याचा काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीअखेर गांधीजींच्या खुनानंतर आमच्या भागात जी जाळपोळ झाली, तिच्यात आमच्या हेडमास्तरांचं घर गेलं. बायकापोरांना घेऊन ते पुण्याला निघून गेले. बावीस वर्षं त्यांनी या गावात पोरं शिकवली होती. सकाळी पोरं शाळेत आली, तर खुर्ची रिकामी. कोणी कोणाला काही बोललं नाही. सातवीचा वर्ग तसाच परीक्षेला बसला, तसाच पांगला. हेडमास्तरकी माझ्याकडे आली. ती रिकामी खुर्ची माझ्या मनातून गेली नाही, म्हणून पुढल्या वर्षी, एकोणपन्नास साली, मी ठरवलं की फायनलला बसणाऱ्या पोरांना नीट निरोप द्यायचा. आमच्याकडे ही पद्धत नव्हती. शाळा सुटली की पोर बैलामागे जायचं किंवा माधवनगरला गिरणीत. निरोप कसला द्यायचा?

सातवीत अकरा मुलगे आणि दोन मुली होत्या. त्यांना म्हणायला एखादं गाणं हवं होतं. मी वही घेऊन बसलो. जे सुचे ते आरतीसारखं तरी व्हायचं, नाहीतर पोवाड्यासारखं. दुपारची सुट्टी झाली होती. नाथाजी शाईच्या बुधल्या धूत होता.

"नाथाजी, पलटणीत निरोपाचं काही गाणं म्हणतात का?" मी सहज विचारलं.

"पलटनीत न्हाई," तो म्हणाला. मग बुधली उपडी करून म्हणाला, "शाळंचं एक हाय. पर त्ये जपानी हाय."

दीड वर्षात त्याने आपणहून सांगितलेली ही पहिली गोष्ट होती. मी वही मिटली.

त्याने सांगितलं ते असं.

त्यांची तुकडी समुद्राकाठच्या एका गावात होती. लढायचं काही नव्हतं. गावं फिरायची, कुणी हत्यारं लपवली आहेत का बघायचं. गस्तीच्या वाटेवर एक शाळा लागे. तिथली पोरं पंधरा दिवस एकच गाणं घोकत होती. मग एक दिवस साहेबाने नाथाजीला दोन शिपाई देऊन त्या शाळेत पाठवलं. शाळेचा शेवटचा दिवस होता, मोठ्या वर्गाची पोरं शाळा सोडणार होती. तिथे जुन्या राजवटीतलं लढाईचं काही म्हणत नाहीत ना, एवढं उभं राहून बघायचं. बरोबर एक म्हातारा जपानी दुभाष्या होता. लढाईआधी अकरा वर्षं तो मुंबईत कापसाच्या कंपनीत कारकून होता, त्यामुळे मोडकी हिंदी बोलायचा.

"दारात गेलो तर फळ्यांची जिमीन, आरशावानी पुसल्याली. तिथला मास्तर काय बोलंना, पर आमच्या बुटाकडं बघाय लागला. म्या म्हटलं, काढा रं बूट. मग आमी तिघं बंदुका घिऊन मोज्यावर हुबं. माझ्या मोज्याला भोक हुतं. थंडी अशी, की अंगठा निळा झाला."

"मग?"

"मग मास्तर एकेकाचं नाव घ्याय लागला. नाव घेटलं की पोरगं हुबं ऱ्हातंय आन म्हनतंय, हाय!"

"हाय?"

"व्हय. आपन म्हनतो तसंच. हाय! त्यांच्यात त्ये 'जी' म्हनल्यासारखं असतंय म्हनं. माझ्या जोडीदाराला हसू आलं, माझ्या कानात म्हनला, नाईक, ही तर आपल्या सातारकडची पोरं. मग एक नाव घेटलं. कोन उठंना. मास्तर थांबला. फिरून नाव घेटलं न्हाई त्यानं, नुस्ता थांबला. मग मागं बाया बसल्या हुत्या, त्यातली एक उठली आन हळूच म्हनली, हाय."

नाथाजीने बुधली फडक्याने पुसली.

"दुभाष्या म्हनला, पोरगी हिची. मोठा बाँब पडला त्या शहरात मावशीकडं गेली हुती. मास्तरनं दोनी हातांनी शाळा संपल्याचा गुंडाळल्याला कागद त्या बाईला दिला. तिनं दोनी हातांनी घेटला. मग गानं झालं."

"रडले असतील लोक."

"समदी. मास्तरबी, बापयबी. पर मुक्यानं रडत्यात ती मानसं, आवाज न्हाई. दुभाष्या मला गान्याचा अर्थ सांगत हुता आन त्याच्याबी डोळ्याला धार. माझं पत्तर येऊन म्हैना झाला हुता, मास्तर. म्या म्हटलं, आता हितं तरी काय हुईल. काय झालं न्हाई. अंगठा तेवढा दुखत हुता."

अर्थ त्याच्या लक्षात होता. ते गाणं त्या शाळेतल्याच एका बाईंनी रचलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, माझ्या बाकावर उद्या दुसरं कुणी बसेल. त्याला सांगा, तिथून समुद्र दिसतो. सांगा की, लाकडावर एक नाव कोरलेलं आहे, ते तसंच राहू दे.

मी म्हटलं, "नाथाजी, म्हणून दाखवा."

त्याने इकडेतिकडे बघितलं नाही की तो लाजला नाही. पोतं उचलायला सांगितल्यावर उचलावं तसं त्याने ते म्हटलं. शब्द जपानी होते, ते बरोबर होते की नाही देव जाणे. पण चाल स्वच्छ होती. मी घरून पेटी आणली आणि सूर शोधले. म नव्हता, नी नव्हता. म्हणजे आपला भूपच. सकाळची भूपाळी कुणीतरी फार सावकाश, बसल्या जागी म्हणावी तसं ते वाटत होतं.

त्याच दिवशी मी त्या चालीवर मराठी शब्द बसवले. आमच्याकडे बाक नव्हते, पोरं घरून बस्करं आणून बसायची. समुद्रही नव्हता. खिडकीबाहेर चिंच होती. म्हणून मी लिहिलं:

भिंतीकडची जागा माझी उद्या कुणाची होईल,
खिडकीमधली चिंच समोरची तोही पाहत राहील.
सांगा त्याला, वारा सुटता दार वाजते, भिऊ नको,
नाव कोरले तिथे कुणाचे, खरवडून ते काढू नको.

आणखी दोन कडवी होती, ती एवढी चांगली नव्हती.

महिनाभर पोरांनी तालीम केली. दोन मुलींपैकी एक अंजना नावाची होती, तिचा आवाज चांगला. पहिली ओळ ती एकटी म्हणायची, मग बाकीचे उचलायचे. अंजना बिनबापाची. बाप आकाराम चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशात जपान्यांशी लढताना पडला. आई पुढे दोन वर्षांनी गेली, तेव्हापासून आजी अंबूबाई तिला सांभाळायची. हे सगळं मला माहीत होतं. शाळेच्या रजिस्टरात मीच लिहिलं होतं. आणि तरीही पहिली ओळ कुणी म्हणायची हे ठरवताना मला फक्त तिचा आवाज सुचला. हे मी आजही स्वतःला नीट समजावू शकत नाही.

समारंभ चैत्रात झाला, संध्याकाळी पाच वाजता, वखारीच्या अंगणात. गावातली बरीच माणसं आली होती. मी एकेकाचं नाव घेतलं. पोरांना सांगितलं होतं की नाव घेतलं की उभं राहून "हाय" म्हणा. आमच्या पोरांना ते शिकवावं लागलं नाही. नाथाजी मागे, माठाशी उभा होता.

मग गाणं झालं. "खरवडून ते काढू नको" पाशी आलं तेव्हा बायका पदर डोळ्याला लावत होत्या. अंबूबाई पहिल्या रांगेत होती. ती तर मान खाली घालून ढसाढसा रडत होती. पुरुष खाकरत होते. एवढी माणसं एका वेळी रडताना मी आष्ट्यात तोवर पाहिली नव्हती, आणि जाळपोळीच्या दिवसांनंतर तर ही माणसं एकत्र बसलीही नव्हती. मला वाटलं, जमलं. मनातल्या मनात मी फुशारलो होतो.

आभार मानायला शाळा चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष आप्पासो उठले. उसाचे बडे बागायतदार, मनाने फार चांगले. आदल्या दिवशी मीच त्यांना कौतुकाने सगळी हकीकत सांगितली होती.

"मंडळी," आप्पासो म्हणाले, "ह्ये गानं साधंसुधं न्हाई. आपला शिपाई नाथाजी, त्यानं ह्ये थेट जपानातनं आनलंय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंबूबाईने मान वर केली.

"कुठनं आनलं म्हनलास, आप्पासो?"

आप्पासोंना वाटलं, म्हातारीला ऐकू आलं नाही. ते हाताचा कर्णा करून ओरडले, "जपानातनं, काकू! जपानातनं!"

अंबूबाईचं रडणं थांबलं. तिने तोंड पुसलं, नीट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग ती उठली, पोरांच्या रांगेत गेली, अंजनाचं मनगट धरलं आणि तिला घेऊन अंगणाबाहेर चालू लागली. अंजना मागे वळून माझ्याकडे बघत होती. पेढ्यांची परात हातात घेऊन नाथाजी फाटकाशी उभा होता. अंबूबाई त्याच्यापुढे थांबली.

"तू आनलंस?"

"व्हय."

ती निघून गेली. आप्पासोंना काय झालं तेच कळेना. ज्यांना कळलं त्यांनी माना खाली घातल्या. पेढे वाटले गेले, लोकांनी ते खाल्लेही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी नाथाजीकडे गेलो आणि म्हटलं, "चूक माझी आहे. मी अंबूबाईंकडे जाऊन सांगतो."

"मी बी येतो," तो म्हणाला.

अंबूबाई सोप्यात जोंधळे निवडत बसली होती. आम्हाला बघून तिने सूप खाली ठेवलं नाही. अंजना आत होती, तिच्या बांगड्या वाजल्या. आम्ही दारातच उभे राहिलो.

"मावशी, चूक झाली," मी म्हटलं. "मला कळायला हवं होतं. अंजनाला मीच..."

"तुमी गप बसा, मास्तर." तिने नाथाजीकडे बघितलं. "माझ्या आकारामला ज्यांनी मारलं, त्यांचं गानं तू माझ्या नातीच्या तोंडात घाटलंस. आन मी येडी तिथं बसून रडले. आकारामची तार आली तवा एवढी रडले नव्हते. तवा अंजीच्या आयला धरायचं हुतं. आन काल रडले. कुनासाठनं रडले मी, सांग."

"ठावं न्हाई, मावशी," नाथाजी म्हणाला.

"त्यांच्यातल्या आया रडत्यात का?"

"लय रडत्यात."

मग नाथाजीने तिला त्या बाईची गोष्ट सांगितली, जी पोरीच्या नावाला उठली होती. मला सांगितली तशीच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही. अंबूबाईच्या हातातलं सूप थांबलं होतं.

"आन तू काय केलंस तवा?"

"हुबा ऱ्हायलो."

"रडला न्हाईस?"

"न्हाई."

"बायकू आन ल्योक गेल्यालं कळलं, तवा?"

"तवाबी न्हाई."

"मग तुला त्ये गानं कशापायी पायजे हुतं रं?"

समोरच्या घरी कुणीतरी उखळात काही कांडत होतं.

"पायजे नव्हतं," तो म्हणाला. "डोक्यात बसलं. दुसरं काय बसत नव्हतं, त्येवढं बसलं."

अंबूबाईने सूप बाजूला ठेवलं.

"माझ्या आकारामला कुठं जाळलं का पुरलं, ह्ये मला ठावं न्हाई. कागद आला, त्यावर गावाचं नाव हाय, त्ये कुनाला वाचता येत न्हाई. मला जायाचं म्हनलं तरी कुठं जाऊ? तुझी तर जागा हाय. म्हसवड काय सातासमुद्रापल्याड न्हाई. गेलास का कवा?"

"न्हाई."

"जाऊन ये मग. आदी जाऊन ये. आन ऐक, त्ये गानं माझ्या दारात पुन्यांदा नको. मास्तर, तुमालाबी सांगते."

"नाही म्हणणार," मी म्हटलं.

आम्ही निघालो तेव्हा ती परत जोंधळे निवडू लागली होती.

मे महिन्यात सुट्टी लागली आणि नाथाजी मला म्हणाला, "मास्तर, मी गावाकडं जातो." मी म्हटलं, मीही येतो. तो नको म्हणाला नाही. मी का गेलो? त्याला आधार द्यायला, असं तेव्हा मी घरी सांगितलं. खरं म्हणजे तो रडतो का ते मला बघायचं होतं. तो रडला असता तर त्या समारंभाचं माझ्यावरचं ओझं उतरलं असतं.

आष्ट्याहून सांगली, सांगलीहून सर्व्हिस मोटारीने विटा, तिथून दुसरी मोटार. जसजसे वर जाऊ तसतसं रान उघडं होत गेलं. ऊस संपला, विहिरी संपल्या. नाथाजी खिडकीबाहेर बघत होता. म्हसवडच्या अलीकडे आम्ही उतरलो. लांब सिद्धनाथाचं शिखर दिसत होतं, त्याने उभ्यानेच हात जोडले आणि आम्ही वाट सोडून नदीकाठाने दीड कोस चाललो. नदीत पाणी नव्हतं. नुसती वाळू, आणि तिच्यात झरे खोदून बाया वाटीवाटीने पाणी भरत होत्या.

वस्ती दहाबारा घरांची. नाथाजीच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या बनुबाई नावाच्या म्हातारीने त्याला बघितलं आणि ती दारातच बसली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं कानशिलावर मोडली. मग किल्ली आणून दिली.

आत काही नव्हतं. चूल, दोन उतरंडी, खुंटीला दोर. साथीनंतर कपडे-अंथरूण जाळलं होतं. नाथाजी मधोमध उभा राहिला. मग बाहेर आला.

"काकू, पोराला कुठं ठेवलं?"

बनुबाई म्हणाली, "चल, दावते."

ओढ्याच्या अंगाला एक बोरीचं झाड होतं. त्याच्या अलीकडे जमीन सपाट होती, शेळ्यांच्या खुरांनी तुडवलेली. म्हातारीने बोट दाखवलं, मग दोन पावलं सरकून पुन्हा दाखवलं. "हितंच. दगड हुतं, शेरडं राखनाऱ्यांनी उचललं असतील चुलीला. साळूला पल्याड जाळली, काठावर. पोरगं गेल्यावर ती चार दिस हुती, पर तिला आमी सांगितलंच न्हाई. इचारायची, हिंद्या झोपला का? मी म्हनायची, झोपलाय."

नाथाजी ऐकत होता. मग तो ओढ्यात उतरला आणि दगड शोधू लागला. भरउन्हात तो अर्धा तास दगड निवडत होता. मी मदतीला गेलो तर त्याने माझ्याही हातात एक दगड दिला. त्याने सात-आठ दगड आणले आणि म्हातारीने दाखवलेल्या जागेभोवती लावले. लांबी किती ठेवायची हे त्याला कळेना. त्याने दोन हात समोर धरले, अंतर बघितलं, परत कमी केलं. मग बनुबाईने त्याचे हात धरून थोडे लांब केले. "एवढा झाला हुता," ती म्हणाली.

तेवढी त्याने लांबी ठेवली.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. घामाशिवाय तिथे काही नव्हतं. पल्याडच्या काठावर तो गेला, तिथे दगडही लावण्यासारखं नव्हतं, पुराने सगळं धुऊन नेलेलं. तिथेही तो थोडा वेळ थांबला. परत येऊन त्याने पाणी मागितलं. दोन तांबे प्यायला.

परत निघताना त्याने घराची किल्ली बनुबाईला दिली. म्हणाला, "काकू, कडबा ठेवत जा घरात. बंद ऱ्हाऊन कुबट वास मारतंय."

"आन तू?"

"म्या येत जाईन सिद्धनाथाच्या जत्रंला."

विट्याला मोटार तीन तास आली नाही. मोटार-स्टँडवरच्या बाकावर नाथाजी बसल्या जागी झोपला. मोटार आली तेव्हा मला त्याला हलवून उठवावं लागलं. आत बसल्यावर तो पुन्हा झोपला, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. माझा हात बधिर झाला तरी मी सरकलो नाही. समोरची बाई कौतुकाने बघत होती, तिला वाटलं असेल, हा माझा थोरला भाऊ आहे.

सांगलीत उतरलो तेव्हा दिवे लागले होते. त्याने टोपी झटकली, इकडेतिकडे बघितलं.

"मास्तर, शाळंची कौलं चाळाय पायजेत," तो म्हणाला. "वळीव झाला की पाचवीच्या वर्गात गळतंय."

"बघू पुढच्या आठवड्यात," मी म्हटलं.

त्याने पुढच्या आठवड्याची वाट पाहिली नाही. दोन दिवसांनी मी सकाळी शाळेत गेलो तर शिडी लावलेली होती आणि नाथाजी छपरावर होता. खाली अंबूबाईची अंजना उभी होती. फायनल संपली होती, लग्न ठरत होतं, दाखला न्यायला आली होती. नाथाजी फुटकी कौलं वरून सोडत होता आणि ती ओच्यात झेलून भिंतीकडे रचून ठेवत होती. आजीने पाठवलं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, आजीला माहीत नाही, आणि दाखल्याची घाई नाही.